दोन मुठी खडेमीठ

नारायण पेठेत मुंज असो, बारसं असो की कोणाची एकसष्टी, शेवटी पॉट शमशुद्दीनचाच. आचारी कोण, मांडव कोणाचा, यावर घराघरांत भांडणं व्हायची. आइस्क्रीमवरून कधी झालं नाही. शमशुद्दीन येरवड्याहून टेंपोत लाकडी पिंप घेऊन यायचा, मधे दुधाचा डबा बसवायचा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ भरायचा आणि दांडा फिरवायला बसायचा. आता तुम्ही विचाराल, बर्फात मीठ कशाला? अहो, नुसता बर्फ दूध गार करतो, गोठवत नाही. मीठ पडलं की त्याच बर्फाला असा जोर चढतो की हात लावला तर चटका बसावा. "मिठाला हात आखडला की आइस्क्रीमचं सरबत होतं," असं त्याचे अब्बा सांगायचे. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्यानंच घोटाळा केला.

अब्बांची दुसरी शिकवण अशी, की चव घेतल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, आणि चव घ्यायची ती स्वतःच्याच जिभेनं. पस्तीस वर्षं शमशुद्दीननं ही शिकवण पाळली. त्याची बायको कमरजहां, दूध आटवायची तीच, सीताफळांचा गर काढायची तीच, पण चवीचा चमचा तिच्या हातात कधी गेला नाही. "तुला नाही कळायचं," एवढं म्हणून हा बाबा दोन चमचे स्वतः गट्टम करायचा. पंचेचाळिशीत साखरेचा आजार जडला, पन्नाशीनंतर गोळ्यांवरून इन्सुलिनच्या सुईवर आला, तरी चमचा काही सुटला नाही. कमरजहां बोलून बोलून दमली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसला प्रकार.

मागच्या वर्षीची गोष्ट. मे महिना, लग्नसराई. बर्फ फोडताना पायाला लागलं, जखम चिघळली, ताप भरला आणि उलट्या सुरू झाल्या. इथे शमशुद्दीननं ती चूक केली जी भलेभले करतात. पोटात अन्नाचा कण नाही, मग सुई कशाला टोचायची? साखर उगाच खाली जाईल, असा त्याचा तर्क. गल्लीतल्या चार जणांनी त्याला दुजोराही दिला, कारण फुकटचा सल्ला द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं! दोन दिवस त्यानं इन्सुलिन घेतलं नाही. अंगात ताप असला की उपाशी माणसाचीही साखर चढते, इन्सुलिन तेव्हाच जास्त लागतं. पण हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो खोल आणि जोरजोरात श्वास घ्यायला लागला. जीभ कोरडी ठणठणीत, बोलणं असंबद्ध. कमरजहां त्याचं तोंड पुसायला वाकली तर तिला वास आला. पस्तीस वर्षं फळांत हात घातलेली बाई, तिचं नाक तयार होतं. अतिपिकलेल्या फळाचा, अननसाच्या इसेन्ससारखा वास. तिला आधी संतापच आला. इतकं होऊनही या माणसानं चोरून काहीतरी खाल्लं म्हणायचं! पण दोनदा रागावून विचारलं तरी तो उत्तर देईना, तेव्हा तिनं राग बाजूला ठेवला. रिक्षा करून तिनं सरकारी हॉस्पिटल गाठलं.

अपघात विभागात त्या दिवशी जत्रा भरली होती. अपेक्षा नावाची तरुण डॉक्टर, वर्ध्याकडून पुण्याला शिकायला आलेली, एकामागून एक पेशंट बघत होती. कमरजहांनं तिला गाठलं आणि गुन्हा कबूल करावा तसं मान खाली घालून सांगितलं, "मॅडम, यांना शुगर आहे आणि यांनी बहुतेक अननस खाल्लंय. तोंडाला वास येतोय." अपेक्षा पुढच्या पेशंटकडे निघाली होती, ती जागीच थांबली. शमशुद्दीनच्या तोंडाशी वाकली.

"चाची, यांनी काही खाल्लेलं नाही," ती म्हणाली. "इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं. त्याचा हा वास आहे. त्यानं रक्त आंबट होतं आणि माणूस बेशुद्ध पडतो."

मग तिनं वाट बघितली नाही. सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं, तासातासाला साखर तपासली गेली. सुई टोचली तेव्हाच तिनं कमरजहांची सही घेऊन एक जादा नळी रक्त बाजूला काढलं, ते कशासाठी हे पुढे कळेलच. तिसऱ्या दिवशी सकाळी शमशुद्दीननं डोळे उघडले आणि विचारलं, "रबडी उतू गेली का?" कमरजहां आधी रडली आणि मग चांगली दहा मिनिटं त्याला बोलली.

त्या दिवसापासून शमशुद्दीनच्या तोंडी एकच नाव. मॅडमनं वाचवलं. मॅडम नसत्या तर मी नसतो. नमाजानंतर दुआ मॅडमसाठी, शेजाऱ्यांशी गप्पा मॅडमच्या. कमरजहां शेजारी बसून लसूण सोलत ऐकायची आणि "हो ना" म्हणायची.

पॉटचा धंदा मात्र त्यानं बंद केला. स्वतःच्या जिभेचा भरवसा राहिला नव्हता. पिंप माळ्यावर टाकलं आणि एक दिवस हा हॉस्पिटलात जाऊन अपेक्षापुढे उभा राहिला, "मॅडम, काहीतरी काम द्या. रिकाम्या हातानं तुमचे उपकार फिटायचे नाहीत." योगायोग असा, की तिला तिच्या प्रबंधाच्या कामासाठी माणूस हवाच होता. विभागानं त्याला ठेवून घेतलं.

काम काय, ते तिनं त्याला नीट समजावलं. "चाचा, लोखंडावर गंज चढतो ना, तसं काहीसं साखर अशी भडकली की शरीराच्या आत होतं. पेशींना इजा होते. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आणि ही तुमच्या पोटावरची चरबी," हे ऐकून शमशुद्दीननं पोट आत ओढलं, "ती नुसती बसून राहत नाही. रक्तातून निरोप धाडत असते. एका निरोपाचं नाव लेप्टिन, दुसऱ्याचं अडिपोनेक्टिन. भूक किती लागावी, इन्सुलिनचं किती ऐकावं, यात त्या निरोपांचा हात असतो. माणूस तुमच्यासारखा मरणाच्या दारात येतो तेव्हा गंज किती असतो, निरोप काय असतात, आणि तो बरा झाल्यावर त्यांचं काय होतं, एवढंच मला बघायचंय."

त्यासाठी तीस माणसं हवी होती आणि प्रत्येकाच्या दोन नळ्या. पहिली नळी हॉस्पिटलात आणल्या आणल्या, दुसरी माणूस बरा झाल्यावर चार आठवड्यांनंतर पण सहा आठवड्यांच्या आत. दोन्हींपैकी एक जरी गेली तरी तो माणूस प्रबंधातून बाद. यादीत पहिला नंबर खुद्द शमशुद्दीनचा. याचा त्याला कोण अभिमान! पाहुण्यांना सांगायचा, "संशोधनात एक नंबर आहे आपण."

आता बरा झालेला माणूस हॉस्पिटलकडे फिरकतो होय? कोणी यायचंच नाही. मग अपेक्षानं युक्ती काढली. शेफाली नावाची सिस्टर स्कूटर चालवायची, शमशुद्दीन मागे मांडीवर थर्मोकोलचा डबा घेऊन बसायचा, आणि दोघं पेशंटच्या घरी जाऊन दुसरी नळी घेऊन यायचे. डब्यात बर्फ. "गार ठेवा, चाचा, वाटेत गरम होऊ देऊ नका," एवढीच सूचना होती. थंडीत सगळं सुरळीत चाललं. पण यंदाचा उन्हाळा आला आणि कात्रजहून स्टेशनजवळच्या हॉस्पिटलात येईपर्यंत, एकेका सिग्नलला पाच पाच मिनिटं तापत, डब्यातल्या बर्फाचं पाणी व्हायला लागलं. शमशुद्दीनचा जीव कासावीस व्हायचा. मॅडमचं काम आपल्या मांडीवर वितळतंय! आणि मग त्याला अब्बा आठवले. दुसऱ्या दिवशी त्यानं बर्फावर दोन मुठी खडेमीठ टाकलं. डबा असा काही गार पडला की त्याच्या मांड्या बधिर झाल्या. शमशुद्दीन मनात म्हणाला, याला म्हणतात काम. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नाही. भाजीला फोडणी दिली हे कोणी सांगत फिरतं का?

प्रयोगशाळेत उत्तरेश्वर बसायचा. धाराशिवकडचा, कामाला चोख, शब्दाला महाग. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. तपासायचं असतं ते पाणी. लाल पेशी फुटल्या की पाणीही लाल होतं आणि नळी फुकट जाते. दोन आठवड्यांत घरून आणलेल्या सात नळ्या अशा गेल्या. सातवी त्यानं अपेक्षापुढे धरली आणि म्हणाला, "कोकम सरबत."

"कशामुळे?"

"रक्त काढताना घाई. सुईतून जोरात ओढलं की फुटतं."

रक्त काढणारी कोण, तर शेफाली. ती बिचारी शपथेवर सांगायला लागली की मी दहा वर्षं रक्त काढतेय, कधी असं झालं नाही. पण अपेक्षाचा प्रबंध महिन्यावर आला होता, वरचे रोज विचारत होते. सात माणसं गेली तर उरली तेवीस, म्हणजे वर्षभराचं काम पाण्यात. ती तुटकपणे म्हणाली, "सिस्टर, उद्यापासून घरी दुसऱ्या कोणाला तरी पाठवते." शेफाली डोळे पुसत निघून गेली. दारात रिकामा डबा घेऊन उभ्या असलेल्या शमशुद्दीनलाही तिचा राग आला होता. आपल्या मॅडमचं नुकसान करते म्हणजे काय!

उत्तरेश्वर स्वतःशीच पुटपुटला, "इथल्या नळ्या ठीक. बाहेरच्या तेवढ्याच फुटतात. सुया तर त्याच."

शमशुद्दीननं टेबलावरच्या नळीकडे पाहिलं. सातव्या माणसाचीच जादा काढलेली नळी होती ती, अजून यंत्रात घातलेली नव्हती. काचेला आतून एक पांढुरका, पातळ थर धरला होता. असा थर त्यानं आयुष्यभर पाहिला होता. दूध गोठायला लागतं ते डब्याच्या कडेपासून. रक्त गार ठेवायचं होतं, त्यानं ते गोठवलं होतं. पेशी शेफालीनं नाही, त्यानं फोडल्या होत्या.

तो घरी आला. चहा समोर गार झाला. कमरजहांनं काय झालं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. घरात दोघं त्यांच्या दख्खनीत बोलतात, पण मी आपलं मराठीतच सांगतो.

"मग सांगून टाका त्यांना," ती म्हणाली.

"सांगू? ज्या बाईनं मला जन्म दिला परत, तिचं काम मी नासवलं म्हणून सांगू? ती माझं तोंड बघायची नाही."

"आणि त्या सिस्टरचं तोंड कोण बघणार?"

चहा तसाच ठेवून तो उठला.

सकाळी आठ वाजता तो अपेक्षाच्या खोलीबाहेर उभा. ती आली तसं त्यानं बसायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, सिस्टरचा दोष नाही. बर्फात मीठ मी घालत होतो."

अपेक्षाला आधी कळलंच नाही. "मीठ?"

"खडेमीठ. दोन मुठी. पॉटला घालतो तसं."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "का, चाचा?"

"बर्फ वितळत होता. तुमचं काम बिघडू नये म्हणून." एवढं बोलून त्याला रडू आलं. साठीला आलेला माणूस, पण ते त्यानं लपवलं नाही. "काढून टाका मला. पण त्या पोरीला परत बोलवा."

अपेक्षा उठली आणि तडक बाहेर गेली. शमशुद्दीनला वाटलं, संपलं. ती गेली होती शेफालीच्या वॉर्डात. चार जणींसमोर तिनं शेफालीची माफी मागितली, मग तिला बरोबर घेऊनच परत आली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहिली. सातही माणसांचे सहा आठवडे अजून संपलेले नव्हते. सगळ्यांत आधी संपणार होते कात्रजच्या वेणूबाईचे, चार दिवसांनी.

"नळ्या परत घेता येतील," ती म्हणाली. "पण परत द्या असं लोकांना कोणत्या तोंडानं म्हणायचं?"

"माझ्या," शमशुद्दीन म्हणाला.

हे सगळं होईतो उत्तरेश्वरनं बर्फाच्या पेटीवर कागद चिकटवला होता. "बर्फात मीठ घालू नये. हे संशोधन आहे, आइस्क्रीम नव्हे." पुण्यात चार वर्षं काढल्यावर माणूस एवढं तरी शिकतोच.

मग शमशुद्दीननं डबा स्वतःच्या पद्धतीनं भरला, पण या वेळी डोकं वापरून. मीठ नाही. तळाला भुसा, बर्फ भरडून नाही तर मोठ्या खड्यांनी घट्ट रचलेला, नळ्या कोरड्या फडक्यात गुंडाळून मधल्या पेल्यात, बर्फाला कुठेही न लागणाऱ्या, वर ओलं गोणपाट. बर्फ कसा टिकवायचा हे त्याच्याइतकं त्या इमारतीत कोणाला ठाऊक होतं? शेफालीनं स्कूटर काढली. ती त्याच्याशी पहिला दिवस बोलली नाही, आणि त्यालाही ते योग्यच वाटलं. दुसऱ्या दिवशी सिग्नलला ती म्हणाली, "चाचा, घट्ट धरा, खड्डा आहे." त्यावर त्यानं मनातल्या मनात अल्लाचा शुक्र मानला.

तीन दिवसांत सहा नळ्या झाल्या. प्रत्येक दारात तो आधी आपली चूक सांगायचा आणि मग रक्त मागायचा. कोणी हसलं, कोणी कुरकुरलं, पण दिलं. राहिली वेणूबाई. तिच्या घराला पहिल्या दिवसापासून कुलूप, ती बहिणीकडे गेलेली. चौथ्या दिवशी, म्हणजे शेवटच्याच दिवशी, बाई दारात सापडली. दोन म्हशी राखून दूध घालणारी, सत्तरीची, आवाज खणखणीत.

"एकदा दिलंय की रगत. परत कशापायी?" तिनं विचारलं.

"मावशी, ते मी नासवलं."

"काय हाय ते नीट सांग."

शमशुद्दीननं सांगितलं. पॉट, अब्बा, दोन मुठी मीठ, शेफालीवर आलेला आळ, काही राखून ठेवलं नाही. "आज तुम्ही नाही म्हणालात तर मॅडमच्या यादीत एक माणूस कमी पडेल," तो म्हणाला. "नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. चूक माझी आहे."

वेणूबाईनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "चाळीस वर्सं दूध घालतीया मी," ती म्हणाली. "दूध नासवणारा कदी कबूल करत न्हाई बघ. म्हशीचाच दोष काढतो. तू पयलाच भेटलास." आणि शेफालीपुढे दंड धरून बसली.

दुपारी दीडला उत्तरेश्वरनं ती नळी यंत्रातून काढली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. अपेक्षा, शेफाली आणि शमशुद्दीन तिघंही दारात उभे. उत्तरेश्वरनं मान न वळवता सांगितलं, "लिंबू सरबत." तीस माणसं पूर्ण झाली होती.

महिन्याभरानं प्रबंध दाखल झाला. शमशुद्दीननं विचारलं, "मॅडम, रक्त काय म्हणालं आमचं?"

"बरं झाल्यावर गंज उतरलेला दिसतोय, चाचा. चरबीचे निरोपही बदललेत. पण तीसच माणसं आहेत, छातीठोकपणे काही सांगता येणार नाही."

"उतरला ना? बस झालं. तुमचे उपकार..."

"थांबा," अपेक्षा म्हणाली. "वर्षभर रोज ऐकतेय. त्या दिवशी माझ्यासमोर चौदा पेशंट होते आणि तुम्ही रांगेत शेवटी होता. मी दुसऱ्याकडे निघाले होते. चाचींनी वासाचं सांगितलं म्हणून वळले. तुमची पाळी यायला तास गेला असता, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नव्हता. शेफालीला मी नको तो दोष दिला, तसे तुम्ही मला नको तेवढे आभार देताय. चाचींचे मानलेत कधी?"

येरवड्याच्या बसमध्ये वर्षभराच्या सगळ्या गप्पा शमशुद्दीनला आठवल्या, आणि शेजारी बसून लसूण सोलणारी, "हो ना" म्हणणारी बायको.

घरी येऊन त्यानं माळ्यावरचं पिंप खाली काढलं. "सगळ्यांसाठी एक पॉट करू या," एवढंच म्हणाला. अपेक्षा, शेफाली, उत्तरेश्वर, आणि एक डबा कात्रजला. दुसऱ्या दिवशी कमरजहांनं दूध आटवलं, आंब्यांचा रस काढला. सगळं डब्यात ओतून झालं. आता चव. शमशुद्दीननं चमचा भरला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं आधी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय की काय म्हणून. "मी?"

"तूच. तुझ्या नाकानं मला परत आणलं, कमर, आणि मी वर्षभर ते बोललो नाही. बोलायला हवं होतं. शुक्रिया."

कमरजहांनं चमचा घेतला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं सावकाश चव घेतली, डोळे पदरानं टिपले आणि म्हणाली, "साखर जरा कमी आहे."

"घालू?"

"नको. असू दे."

त्यानं चमचा तिच्याच हातात राहू दिला आणि डबा बंद केला. मग भोवतीच्या बर्फावर दोन मुठी खडेमीठ टाकलं आणि दांडा फिरवायला बसला.